नळी काढायच्या सकाळचं गाऱ्हाणं

वडिलांच्या पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगली होती, म्हणून डॉक्टरांनी जांघेतून आत जाळीची एक नळी बसवली. पोट फाडावं लागलं नाही, याचंच वडिलांना कौतुक. लालबागभर सांगत सुटले, "पोटाला टाकापण नाय मारला!" दोन वर्षांनी त्याच नळीभोवती पू झाला.

ताप श्रावणातच यायला लागला होता. पण गणपतीत गावच्या घरी गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. त्यांनी देवापुढे उभं राहून घरासाठी मागणं मागायचं आणि दर मागण्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. तो मान चुकू नये म्हणून हा माणूस आम्हाला पत्ता लागू न देता तापाच्या गोळ्या गिळत कोकणात गेला. परतले ते कमरेत वाकूनच. मला अजून त्यांचा राग येतो.

परळच्या हॉस्पिटलात सर्जननी वडिलांसमोरच आई आणि मला समजावलं. नळी आत राहिली तर ते जाणारच. काढायची तर सडलेल्या वाहिनीसकट काढावी लागेल आणि पायांना रक्त काखेपासून, कातडीखालून दुसरी नळी घालून पोचवावं लागेल. त्यात ते टेबलावरच जाऊ शकतात. वाचले तरी पाय कापायची वेळ येऊ शकते. वडील सगळं ऐकून म्हणाले, "काढा."

ऑपरेशनच्या सकाळी हिरवा गाऊन घातलेले वडील खाटेवर उठून बसले आणि त्यांनी हात जोडले. आई लगेच पदर सावरून उभी राहिली. मीही उभी राहिले.

"बा देवा म्हाराजा, ही नळी आज पोटातसून काढतत. जगवतलंस तर माका माझ्या पायार घराक धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही दोघी म्हणालो.

"नायतर थय टेबलावरसूनच घेऊन जा. पण पाय नसलेलो बापूस हिच्या गळ्यात बांधू नको रे म्हाराजा!"

माझी जीभ उचलेना. हे कसलं मागणं, आणि त्याला हो कोणी म्हणायचं? वडील हात जोडून थांबले होते. उत्तर आल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. ट्रॉली दारात येऊन उभी होती. शेवटी आईच हळू आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा."

संध्याकाळी सर्जन बाहेर आले. नळी निघाली होती, पण रक्त थांबलं नव्हतं. वडील टेबलावरच गेले.

आई रडली नाही. बाकावर माझा हात घट्ट धरून बसली आणि म्हणाली, "तू गप रवलंस गे. मियाच व्हय म्हटलंय."