वर्कनेश कॉफी ऐकायची

बोंगा गावातल्या आमच्या गल्लीत लग्न असो की मयत, कॉफीचे हिरवे दाणे आधी भाजायला वर्कनेशच्या दारात जायचे. ती शाळेत झाडलोट करायची. नवरा लवकर गेला, मुलगी हिरुत दूर राजधानीत, अदिसला नोकरीला. मी तिची शेजारीण. लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे तीस वर्षं, दुपारची कॉफी आम्ही एकत्रच घेतो. दाणे तव्यावर हलवता हलवता ती एकदाच नाक पुढे करायची, "झालं" म्हणायची, आणि खरंच झालेलं असायचं.

तीन वर्षांपूर्वी तिला ताप आला. दहा दिवसांनी उतरला. उठल्यावर पहिल्याच दुपारी तिनं आम्हाला बोलावलं, जमिनीवर ताजं गवत पसरलं, धूप घातला आणि दाणे भाजायला घेतले. धूर खोलीभर झाला तरी ती शांतपणे हलवतच होती. आमच्या गल्लीतले देमिसे जन्मभर ट्रक चालवलेले, जीभ फार तिखट. पहिला घोट घेऊन म्हणाले, "काय गं, कोळसा संपला म्हणून दाणेच पेटवलेस का?"

सगळे हसले. वर्कनेशनं आपला कप नाकाशी धरला. मग धुपाचं भांडं उचलून धरलं, अगदी नाक भाजेल इतकं जवळ.

"ताई," ती मला म्हणाली, "मला कसलाच वास येत नाहीये."

त्यानंतर तीन आठवडे तिनं कुणासाठी दाणे भाजले नाहीत. लोक दाणे घेऊन येत आणि दार बंद बघून परत जात. मी एकदा न विचारताच आत शिरले. खिडकीच्या कठड्यावर अकरा वाट्या मांडलेल्या, प्रत्येकीत दाणे आधीच्यापेक्षा थोडे जास्त भाजलेले. पहिलीत गवतासारखे फिकट दाणे, पुढे दालचिनीच्या रंगाचे, मग तपकिरी, शेवटच्या वाटीत तेलानं चमकणारे काळेकुट्ट.

"बरी आलीस," ती म्हणाली. "आता तू माझं नाक."

प्रत्येक वाटीतले दाणे ती वेगळे कुटायची आणि तीन तऱ्हांनी कॉफी करायची. एक आमच्या नेहमीच्या जेबेनात, म्हणजे मातीच्या उंच मानेच्या सुरईत. दुसरी हिरुतनं आणलेल्या कागदाच्या गाळणीतून थेंबथेंब. तिसरी सासऱ्यांच्या वेळच्या इटालियन भांड्यात, ज्यात खालचं पाणी उकळून दाबानं वर चढतं. मी हुंगायचं, प्यायचं आणि सांगायचं.

"चांगली आहे," मी म्हणाले.

"चांगले तर तुझे जावईही आहेत. नीट सांग!"

मला सांगताच येईना. इतकी वर्षं रोज प्याले, पण कधी लक्ष दिलं होतं? मग डोळे मिटून एकेक घोट तोंडात धरायला लागले. फिकट दाण्यांची कॉफी कागदातून उतरली की लिंबाच्या सालीसारखी, चहाइतकी पातळ. तीच जेबेनात उकळली की कच्ची, आंबूस. काळे दाणे इटालियन भांड्यात गेले की जिभेवर नुसती राख. सातवी वाटी जेबेनात केली, तेव्हा मी थांबलेच. आधी मध, मग जंगलात पिकलेल्या फळाचा वास, आणि घोट गिळल्यावरही तो घशात रेंगाळला. ते सगळं एका दाण्यात होतं, आमच्याच मागच्या टेकडीवरच्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"सात," ती म्हणाली. मी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

मग तिनं सातव्या वाटीचा आवाज शोधला. दाणे आधी मक्याच्या लाह्यांसारखे जोरात तडतडतात. मग गप्प होतात. त्यानंतर वाळक्या काटक्यांसारखी बारीक तडतड सुरू होते. सातवी वाटी त्या मधल्या शांततेत होती, पहिली तडतड थांबल्यावर पंधरा श्वासांनी. आठवडाभर ती माझ्यासमोर भाजत राहिली, कधी बारा श्वास, कधी अठरा, आणि मी सांगत राहिले.

पावसाळा संपताना देमिसेंची थोरली बहीण वारली. त्यांच्या अंगणात मांडव उभा राहिला, माणसं जमली. देमिसे स्वतः दाण्यांची पिशवी घेऊन वर्कनेशकडे आले. पिशवी तिच्या पायाशी ठेवली.

मांडवात तिनं तवा चढवला. माणसं बोलत होती, बायका रडत होत्या. पहिली तडतड सुरू झाली तसा तिनं डावा हात वर केला. कशासाठी ते कुणाला माहीत नव्हतं, तरी शेजारचे गप्प झाले, मग त्यांच्या शेजारचे. रडणाऱ्या बायकाही थांबल्या. साठेक माणसं आणि फक्त दाण्यांचा आवाज. तोही थांबला. वर्कनेश डोळे मिटून बसली होती, ओठ किंचित हलत होते. तिनं झटक्यात तवा उतरवून दाणे परातीत ओतले.

देमिसेंनी पहिला कप घेतला, दुसरा घेतला, तिसराही. मग कप खाली ठेवून दोन्ही हातांनी तिचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

तिला पुन्हा वास काही आला नाही. गेल्या सणाला हिरुत आली होती. जेबेनातून कप भरता भरता तिनं विचारलं, "आई, तुला आता कॉफी लागते तरी कशी?"

"गरम. थोडी कडू." वर्कनेशनं कप माझ्यापुढे सरकवला. "बाकीचं हिच्या तोंडाकडे बघून कळतं."

मी प्याले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.