डाव्या पंखातलं नाणं

विमान उलटं झालं आणि डावा पंख जमिनीकडं कलायला लागला.

"रिमोटची स्टिक सोडा," मी म्हणाले.

"सोडलीच हाय मावशी. आपलं आपणच जाऊन राहिलंय."

माधवरावांनी घाईनं सरळ करून उतरवलं. हे भोकरचे, आयटीआयला शिकवतात. रिमोटचं कसरतीचं विमान दोन वर्षं खपून हातानं बांधलेलं. मागच्या स्पर्धेत असंच उलटं असताना घसरून जमिनीला टेकलं होतं. आता पडलं तर पुन्हा बांधणार नाही, असं घरी कबूल करून बसलेले. रविवारी लातूरला स्पर्धा, आणि आम्ही शुक्रवारी नांदेडबाहेरच्या माळावर.

माझं शिक्षण सातवी. शिलाईच्या दुकानात असल्या विमानांच्या पंखांवर रंगीत फिल्म इस्त्री करून द्यायचे, तिथून विमान नीट जुळवून द्यायचं शिकत गेले. कसरतीच्या विमानाला स्वतःचं मत नको, एवढं मला कळतं. सरळ असो की उलटं, सोडलं तसं राहावं.

सकाळी सरळ उडताना ते डावीकडं झुकत होतं. मी ट्रिम दिला. ट्रिम म्हणजे रिमोटवरचं छोटं बटण. त्यानं पंखामागची हलती पट्टी केसभर वर-खाली होऊन तशीच राहते. विमान सरळ झालं. मी खूश.

पण चूक तिथंच झाली. पंख जड असेल तर ट्रिम त्याला फक्त उचलून धरतो. विमान उलटं केलं की तोच ट्रिम त्याला खाली दाबतो. वजन अन् ट्रिम दोघं एका बाजूला, मग दुप्पट झुकणार.

"तोलून बघू," मी म्हणाले.

"महिन्याखाली तुम्हीच तोललं की."

"हाव. म्हणूनच आज तोललं न्हाई मी."

एक बोट पुढं नाकावरच्या पंख्याच्या दांड्याखाली, एक शेपटीखाली. उचललं, तर डावा पंख सरळ खाली गेला. टोकाशी चाचपलं तर फिल्मखाली काहीतरी गोल, टणक.

"हे काय हो?"

माधवराव खाली बघायला लागले. "आईनं माहूरहून देवीचं चांदीचं नाणं आणलं. म्हणाली, गेल्या खेपेला याच बाजूनं पडलं, इथंच बसव."

"अन् मला सांगितलं न्हाई?"

"तुम्ही काढून टाकलं असतं."

"टाकलंच असतं."

"मग आईला काय सांगू मी?"

आता आली का पंचाईत. मी फिल्म कापली, नाणं काढलं आणि पोटात पंखांच्या मधोमध, जिथं विमान तोललं जातं तिथंच टेपनं घट्ट चिकटवलं. कापलेल्या जागी इस्त्री फिरवली. सकाळचा ट्रिम शून्यावर आणला.

"आईला सांगा, देवीला मधोमध बसवलंय."

पुन्हा उडवलं. उलटं केलं. माधवरावांनी दोन्ही अंगठे स्टिकवरून उचलून मला दाखवले. विमान माळाच्या पार टोकापर्यंत उलटंच गेलं, सरळ रेषेत.

लातूरला ते चौथे आले. विमान अख्खं घरी आलं.

आता कुणाचंही विमान आलं की मी आधी विचारते, पूजा केली का, अन् कुठं? उत्तर काहीही येवो, दोन बोटांवर उचलून बघते.