पुढच्या दारानं आलेला पेशंट

वकीलबाईंच्या शेजारच्या टेबलावर कॅशियरनं नोकरीची अर्धी वर्षं काढली. पण त्यांना तो कितपत ओळखत होता, असं कुणी विचारलं असतं तर त्याला मान खाली घालावी लागली असती. त्यांना गोड चहा चालत नाही, पंख्याचा वारा सोसत नाही आणि घरी एक थोरला भाऊ आहे, एवढंच त्याला ठाऊक होतं. बाकीचं त्यानं विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

त्या काही वकील नव्हत्या; ते नाव हॉस्पिटलातल्या लोकांनी पाडलेलं. हॉस्पिटलच्या तळघरातल्या बिलांच्या खोलीत बसून, विमा कंपन्यांनी नाकारलेले दावे पुन्हा लढवायचे, हे त्यांचं काम. नाकारायचं कारण बहुतेक वेळा एकच असे: हॉस्पिटल कंपनीच्या यादीत नाही, तेव्हा तुमचं तुम्ही बघा. फक्त तातडीनं आणलेल्या पेशंटला ही अट लागू नसे. म्हणून एखादा नातेवाईक रडवेल्या तोंडानं समोर बसला की बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला. "कोणत्या दारानं आणलंत?"

मागचं दार अपघात विभागाचं. तिथून आलेला पेशंट तातडीचा. आल्याची वेळ, नाडी, डॉक्टरचं नाव, सगळं दारातच नोंदलं जाई. पुढच्या दारानं आला तो ठरवून आलेला. मागचं दार म्हटलं की बाई चष्मा चढवून फोन उचलत आणि उभ्या राहत. बसून बोललं की कंपनीवाले डोक्यावर बसतात, असं त्यांचं म्हणणं.

"बाई, त्यांना तुम्ही थोड्याच दिसता?" कॅशियर एकदा म्हणाला.

"मला मी दिसते ना, काका."

एका सकाळी घरी दादाच्या छातीत कळ आली. बाईंनी घाबरून ॲडमिशनच्या खिडकीवरच्या क्लार्कला फोन लावला. तो त्यांना फार मानायचा. त्याच्या सासूचा दावा त्यांनीच सोडवून दिला होता. मागच्या दारी तेव्हा मरणाची गर्दी. वकीलबाईंच्या भावाला तिथल्या बाकड्यावर कशाला ताटकळत ठेवायचं, म्हणून त्यानं वरची खोली अडवून ठेवली, पुढच्या दाराशी व्हीलचेअर पाठवली आणि हृदयाच्या डॉक्टरांना थेट खोलीत बोलावून घेतलं. अशी बडदास्त दुसऱ्या कुणाला मिळाली नसती. दादा वाचला. बाईंनी क्लार्कचे दोन्ही हात धरले.

पुढे दादाचा दावा नामंजूर होऊन आला. पेशंट ठरवून दाखल झाला, खोली आधीच राखलेली होती, आणि हॉस्पिटल यादीत नाही. कॅशियरनं कागद बाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो बसूनच वाचला.

"परक्याला मी पहिला हाच प्रश्न विचारते," त्या म्हणाल्या. "आणि स्वतःच्या भावाच्या वेळी विसरले."

"जीव घाबरल्यावर दार कोण बघतं, बाई?"

"मी बघायला हवं होतं."

दुपारी क्लार्क पडलेल्या चेहऱ्यानं खाली आला. "ताई, नोंद माझ्याच हातची आहे. बदलून टाकतो. मागच्या दारानं आणलं म्हणून लिहितो, कुणाच्या बापाला कळणार नाही."

बाईंनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. "खोली राखल्याचं वरच्या मजल्यावरच्या वहीत लिहिलंय, व्हीलचेअरवाल्यानं सही केलीय. ते कोण बदलणार? तुझी मुलं लहान आहेत. जा, खिडकी उघडी टाकून आलायस."

हा प्रामाणिकपणा होता, भीती होती, की खरंच त्या क्लार्कची काळजी, हे कॅशियरला कधीच उमगलं नाही.

दादाची आणखी एक शस्त्रक्रिया व्हायची होती. हृदयाची झडप बदलायची होती. डॉक्टर म्हणत होते, फार थांबू नका. पण पहिल्या बिलापायी बहिणीचं घर जाणार की राहणार, हे कळल्याशिवाय दादा तयार होईना. म्हणजे अपील हरलं तर नुसतं घर जाणार नव्हतं. बाईंनी डॉक्टरांकडून पत्र आणलं: थोडा उशीर झाला असता तर पेशंट हाती लागला नसता. मग त्यांनी कंपनीला फोन केला. उभ्या राहूनच.

पलीकडची मुलगी मोठ्या अदबीनं बोलत होती. खोलीत इतकी शांतता होती की कॅशियरला तिचा शब्द न् शब्द ऐकू आला. "मॅडम, एवढी तातडी होती तर खोली राखायला सवड कशी मिळाली?"

"आमच्या माणसांनी धावपळ केली म्हणून."

"तसं नोंदीत दिसत नाही, मॅडम."

ते अपील फेटाळलं गेलं, आणि मग दुसरंही. बाईंनी घर विकायला काढलं आणि दादाला यादीतल्या हॉस्पिटलात न्यायची खटपट सुरू केली. शस्त्रक्रियेची तारीखही मिळाली. पण दादानं भिंतीकडे तोंड फिरवलं. "पुरे झालं, छोटे. आता मला कोणत्याच दारानं नेऊ नकोस."

हे बाईंनी कॅशियरला स्टेपलरमध्ये पिना भरता भरता सांगितलं, दुसऱ्याच कुणाची हकिगत सांगावी तसं.  त्याला सुचलं ते एवढंच, "चहा सांगू?" त्या नको म्हणाल्या.

दादाजवळ दिवसभर कुणीतरी हवं झालं, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. दादा गेल्याचं पुढे क्लार्ककडून कळलं. कॅशियर भेटायला गेला तर घराला नवा रंग चालला होता, आणि आतल्या माणसांना बाई कुठे गेल्या ते माहीत नव्हतं.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी बाई दुपारीच निघाल्या होत्या; तेव्हा दादा घरी एकटा होता. कॅशियर उगाचच दारापर्यंत गेला.

"लिफ्ट बंद आहे का, काका?"

"हो. दुरुस्तीवाला येतो म्हणालाय."

"बरं. मग जिन्यानंच जाते."

"पिशवी आणू का वरपर्यंत?"

"नको, हलकी आहे."