टाकीतला पांडव

येळवशीच्या संध्याकाळी मी शेतातल्या कोपीतला एक पांडव उचलून घरी आणला आणि लेकीच्या माशाच्या टाकीत बुडवला.

आमच्या हुलसूरकडं येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी अख्खं गाव शेतात. कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोप, उभारायची, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, आणि मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, वर गाडगंभर आंबील पोटात ढकलून सावलीला आडवं व्हायचं. एकदा पूजा झाली की पांडवांकडं कोणी वळून बघत नाही. माझं लक्ष तेवढं त्यांच्यावर होतं, आणि ते भक्तीनं नव्हतं.

लेक कलबुर्गीला शिकते. दहावीत असल्यापासून पाळलेला तिचा एक नारंगी गोल्डफिश ती माझ्या जिवावर ठेवून गेली आहे. जिवावर म्हणजे अटीवर. मागं एकदा, बिचारा उपाशी दिसतो म्हणून मी त्याला मूठभर भात घातला होता. पाणी नासलं, मासा कसाबसा वाचला, आणि फोनवर निकाल लागला, "अप्पा, पुन्ना काय केलाव तर मासा मैत्रिणीकडं नेऊन ठिवते." ही धमकी मला लागली. कारण दुकान बंद करून मी घरात पाऊल टाकलं की काचेपाशी धावत येणारा तो एकच प्राणी आमच्या घरात आहे. बाकीचे मोबाईलमधून मान वर काढत नाहीत.

तर लेकीला खूष करावं म्हणून मी लाकडाच्या मागं लागलो. टाकीत वेडंवाकडं मूळ आणि त्याच्या कमानीखालून जाणारा मासा, असा फोटो तिनं मला कधीतरी दाखवला होता. मांजऱ्याच्या काठाला पुराबरोबर वाहून आलेलं बाभळीचं तसंच मूळ मला सापडलं. कलबुर्गीच्या शोभेच्या मासेवाल्यानं फोनवर सांगितलं ते सगळं केलं. साल खुरप्यानं खरवडली, ब्रशनं घासलं, साबण लावला नाही. मग उकळायला घरात एकच मोठं पातेलं निघालं, भज्जीचं.

"आता येळवशीची भज्जी कशात करू?" बायको म्हणाली. "तुमच्या टकुऱ्यात?"

पातेलं तिनं चिंचेनं घासघासून परत ताब्यात घेतलं आणि लाकूड अंगणातल्या टबात गेलं. पहिल्यांदा पाणी कोऱ्या चहासारखं झालं. रोज बदलत गेलो तसं फिकट होत होत स्वच्छ दिसू लागलं. पण लाकूड बुडेना. हात काढला की टुणकन वर. मासेवाला म्हणाला होता, भिजू द्या, आपोआप बुडेल, घाई करू नका. पण परीक्षेमुळं येळवशीला न आलेली लेक दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. मला घाई होती.

लाकडाला दगड बांधायचा, इतकं सोपं उत्तर. पण आमच्या काळ्या रानात दगड शोधून सापडत नाही. जे पाच सापडले होते ते पाचही पांडव झाले होते. त्यातला एक असा चपटा, असा जड, की जणू या कामासाठीच जन्मलेला. घरी आल्यावर सुतळीनं लाकूड त्याला आवळलं आणि टाकीत सोडलं. लाकूड तळाला बसलं. मासा कमानीखालून गेला. मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

सकाळी पाणी पांढुरकं झालेलं आणि मासा वर येऊन तोंड उघडून धापा टाकतोय. लेकीची बस तेव्हा बसवकल्याण सोडून आमच्याकडं निघाली होती.

"अगं, लाकूड इखारी निघालं!" मी ओरडलो.

बायकोनं टाकीत हात घालून सगळं लचांड बाहेर काढलं. तिची बोटं पांढरी झाली.

"ह्यो दगुड कुटला?"

"शेतातला."

"शेतात कुटला?"

"कोपीतला."

तिनं दगडाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "अवो, पांडव बुडवलाव व्हय?"

"पूजा झालती की."

"आन् चुना? पानाला जरा चुना जास्त झाला तर तुमी घर डोस्क्यावर घेताव. ते लेकरू रातभर चुन्यात हाय!"

पुढचं सगळं तिनंच केलं. पिपातलं आदल्या दिवशीचं भरून ठेवलेलं पाणी भज्जीच्या पातेल्यात ओतलं, चाळणीनं मासा त्यात सोडला आणि टाकी घासायला घेतली. मासा एका कुशीवर कलला होता. मी पातेल्याशेजारी बसलो. देवाला हाक मारावी म्हटलं तर कुठल्या तोंडानं? एक पांडव माझ्याच मांडीवर होता, ओला. त्यालाच म्हटलं, वाचव बाबा, दुपारीच तुला तुझ्या भावांत नेऊन ठेवतो.

मासा बराच वेळ तसाच. मग एक कल्ला नीट हलला. मग शेपटी. मग तो सरळ झाला, पातेल्याची एक चक्कर मारली आणि मी खाली वाकलो तसा माझ्या तोंडासमोर येऊन खायला मागू लागला. मला हसू आलं, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले. कालच्या आंबिलीनंसुद्धा पोटात एवढं गार वाटलं नव्हतं.

तेवढ्यात लेक दारात. खांद्यावर पिशवी. समोर आई टाकी घासतेय, मासा भज्जीच्या पातेल्यात आणि बाप मांडीवर पांडव घेऊन बसलेला.

"कामून असं बसलाव, अप्पा?"

उत्तर बायकोनं दिलं, काही न वगळता. लेक ऐकत पातेल्याशी बसली, पाण्यात बोट घातलं. मासा बोटाला तोंड लावू लागला. तिचा चेहरा सैल झाला. मूळ उचलून तिनं फिरवून फिरवून बघितलं, आवडलं असावं, कारण ते परत टबात भिजत टाकलं.

मी हळूच विचारलं, "नेतीस काय गं ह्याला मैत्रिणीकडं?"

तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. आईला म्हणाली, "आई, मासा बी इथंच ऱ्हाऊ दे, लाकूड बी ऱ्हाऊ दे. अप्पाला तेवढं टाकीजवळ येऊ देऊ नको."