भिंतीच्या रंगाची साडी

न दिसण्यात माझ्या धाकट्या जावेइतकी पटाईत बाई अख्ख्या दुर्ग-भिलाईत सापडायची नाही. आणि सापडणार तरी कशी म्हणा, दिसेल तेव्हा ना!

तिचं कामच तसं. मुलांना वाचायला शिकवायची नवी पद्धत आली, गुरुजींचं प्रशिक्षण झालं; आता ते वर्गात खरंच तसं शिकवतात का, हे हिनं मागं बसून बघायचं. पण आमच्या चरोद्याहून ही ऑटोत बसली रे बसली, की शाळाशाळांत फोन: "मॅडम निकल गई!" मग कपाटातली चित्रकार्डं बाहेर, पोरं गोलात, गुरुजींच्या तोंडात साखर. "जाऊबाई, हे तं सारे मले दाखवून राहिले," ती कुरकुरायची. "मी नसताना काय होते, ते नाही कळलं तं ही पद्धत पोरांच्या कामाची आहे का नाही, हे कोन सांगन?"

झालं, नाहीसं व्हायचं तिनं मनावरच घेतलं. साड्या भिंतीच्या रंगाच्या. काचेच्या बांगड्या वाजतात म्हणून प्लास्टिकच्या. शिंकसुद्धा पदरात गिळायची. सवय अशी मुरली की रेल्वेतले माझे दीर समोर खुर्चीत बसलेल्या बायकोला घरभर शोधायचे. भाचीच्या लग्नात वाढपी तिच्या रिकाम्या पत्रावळीपुढून निघून गेले, तेव्हा मीच ओरडले, "अरे, इथं माणूस बसलंय!" तर मलाच म्हणते, "चूप राहा नं! वरण शेवटच्या पंगतीपर्यंत तसंच घट्ट येते का, ते पाहून राहिली मी."

उतई गावच्या एका शाळेत कपाटामागच्या चटईवर ती कितीदा जाऊन बसली. एका दुपारी तिचा फोन आला. "जाऊबाई, मले कोंडलं! गुरुजी शाळेले कुलूप लावून गेले!"

"अवं, मग रडून राहिली का हासून राहिली?"

"हासून! म्हंजे ते खरंच विसरले नं मले! एक पोरगी शब्दावर अडली, तं त्यायनं सांगून नाही टाकला. थांबले. पद्धतीत तसंच आहे, पन थांबते कोन? हे थांबले, कोनी पाहत नसताना!"

"मग, वाचला का तिनं?"

"वाचला नं! गुरुजीनं कार्डं नाही काढले, त्याचे मार्क मात्र कापीन."

शिपाई किल्ली घेऊन येईस्तोवर ती बोलतच होती. इतकं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

दिरांची बदली झाली, दोघं नागपूरकडे गेली. आता बाहेर जाताना घराचं कुलूप हातात घेऊन मी आधी कपाटामागं डोकावते. सून हसते. तिथं कुणी नसतं, मलाही ठाऊक आहे. तरी जरा थांबते.