अब्राहाम पाटकऱ्यानं तोडलेलं पाणी

सोनईच्या अब्राहाम पाटकऱ्याला बसणं म्हणून ठाऊक नव्हतं. सारी नोकरी कालव्यावर गेली: याच्या शेताकडं जाणाऱ्या चारीचं दार उघड, त्याचं पाड, मधेच कुणी पाणी चोरलं की सायकल हाणत जा. रिटायर झाला तरी पाय घरात ठरेनात. त्यात लिव्हरमध्ये गाठ निघाली.

नगरच्या डॉक्टरीणबाई कायम घाईत. "बेसिकली बाबा, गाठ स्वतःकडे नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. या गोळ्या त्या फुटूच देत नाहीत. म्हणजे तिचं पाणीच तोडायचं!"

बाकी सगळं डोक्यावरून गेलं, शेवटचं वाक्य मात्र अब्राहामच्या काळजात बसलं. घरी आल्या आल्या गोळी सुरू आणि पाणी बंद.

"आवं, घोटभर तरी घ्या," बायको दया तांब्या घेऊन मागं मागं.

"आज पाळी न्हाई."

"या वयात तुमाला कसली पाळी?"

"पान्याची गं! टेलला, पार शेवटाला, थेंब पोचू द्यायचा न्हाई. गाठ वाळंल आपोआप."

ओठ फुटले, लघवी हळदीसारखी झाली, तरी गडी अंगणात येरझारा घालतोय आणि पोट चाचपतोय, बारकी झाली का म्हणून.

पुढच्या तपासणीला दवाखान्याच्या जिन्यातच त्याला भोवळ आली. बाईंनी रिपोर्ट पाहिले, मग त्याचे ओठ पाहिले.

"बाबा, पाणी किती पिता?"

"गोळीपुरतं."

"का?"

"तुमीच तर तोडलं!"

बाईंची घाई पहिल्यांदाच संपली. "अहो, ते रक्ताबद्दल बोलले मी! किडन्या सुकवल्यात तुम्ही. गोळ्या बंद, आधी सलाईन."

"आन् गाठ?"

गाठ वाढली होती.

अब्राहाम खाटेवरून उठायलाच बघू लागला. "समदं तोडून? मंग तिला पाजतंय कोन?"

बाईंनी स्टूल ओढलं. "रक्त तुटलं की गाठीतल्या पेशींना प्राणवायू कमी पडतो. मग आत रेणूंचे निरोप सुटतात. एक रेणू दुसऱ्याला उठवतो, दुसरा तिसऱ्याला. शेवटी पेशी एक प्रथिन बनवू लागतात. खऱ्या रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना धरतात ना, त्याच प्रथिनानं. ते वापरून गाठीच्या पेशी एकमेकींना चिकटतात, मधे पोकळी ठेवतात. झाली नळी! रक्तही फसतं, आत शिरतं. तुमच्यात हेच झालं असेल. नक्की नाही सांगता येत."

"म्हंजी चारी खनलीच न्हाई. चोरच एकमेकाला चिकटून चारी झाले!" तो खो खो हसला, आणि हसता हसता पोट चाचपू लागला.

"दुसरं औषध आहे, पण किडन्या ताळ्यावर आल्याशिवाय देता येणार नाही. पाणी प्या."

दयानं ग्लास भरला. त्यानं तो तोंडाशी नेला, खाली आणला, पुन्हा नेला. चादरीखाली पाय हलतच होते.

"ती बी पिईल ना गं."

"पिऊ द्या. आधी तुमी प्या."

त्यानं डोळे मिटून ग्लास रिकामा केला, आणि तो खाली ठेवायच्या आत विचारलं, "आता परत कवा तपासत्यात?"