मांडीवरचा बल्ब

‘कोणताही दोष आढळला नाही’ अशा कागदावर तुम्ही कधी सही केली आहे का? केली असेल, तर सही करण्याआधी किती वेळ बघितलं होतं?

लातूरचे आमचे बल्बसर हा प्रश्न कुणालाही विचारत. तलाठ्याला, शाळेतल्या मास्तरांना, त्यांचं बीपी मोजणाऱ्या नर्सबाईंनासुद्धा. आयटीआयमध्ये गाड्यांचं वायरिंग शिकवून निवृत्त झालेला हा बुटका माणूस ‘ठीक आहे’ असं कधी म्हणाला नाही. “कसे आहात सर?” म्हटलं की उत्तर ठरलेलं असे, “आत्ता तरी चालू आहे.”

बल्बसर हे नाव त्यांच्या हत्यारामुळे पडलं. एक छोटा बारा व्होल्टचा बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन लांब वायरी. घरात वीज तपासायचा चांगला मीटर होता, पण तो बहुतेक कपाटात असे. “आकडा वाचायला मान खाली घालावी लागते,” ते म्हणत. “बल्ब गेलेला डोळ्याच्या कोपऱ्यातूनही कळतो.” जेवताना तो बल्ब ताटाशेजारी असे. काकू वैतागून म्हणायच्या, “गाडीला विचारता, दुखतं कुठं म्हणून. मला विचारलं कधी?”

“तुझं सारखंच दुखतं. सारखं दुखणारं शोधायला मी कशाला पाहिजे?”

हे ते थट्टेत म्हणत, पण धंदाही तसाच करत. कायमची बंद पडलेली गाडी ते घेत नसत. “ती कुणीबी करंल.” त्यांच्याकडे यायच्या त्या मधेच दगा देणाऱ्या गाड्या, गॅरेजच्या दारात आल्या की शहाण्यासारख्या चालणाऱ्या. अशी गाडी ते उभ्यानं तपासत नसत. त्यांची अट असे: तीच वेळ, तोच रस्ता, तेवढंच वजन, आणि ज्याच्या हातात बिघाड झाला तोच माणूस चाकावर. या अटीपायी त्यांनी पुष्कळ गिऱ्हाइकं घालवली. माझे वडील मात्र त्या अटीमुळेच वाचले.

अण्णा एका हाडांच्या डॉक्टरांकडे अठरा वर्षं ड्रायव्हर होते. डॉक्टरांच्या वडिलांनी हैदराबादहून आणलेली एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार त्या घरात होती. लाल, लांब नाकाची, दोनच सीटांची, वर टप नाही. लग्नाकार्यात ती बाहेर निघायची आणि अण्णाच ती चालवायचे. एका संध्याकाळी, दिवेलागणीला, औशाहून परत येताना वळणावर दोन्ही हेडलाइट गेले. गाडी घसरून खाली उतरली, डावी बाजू दगडावर आदळली आणि शेजारी बसलेल्या डॉक्टरांच्या पुतण्याचा पाय मोडला. लोक धावत आले, तेव्हा दोन्ही दिवे लख्ख पेटलेले होते.

गाडी गॅरेजात तपासली. दिवे शंभर वेळा लावले, शंभर वेळा लागले. कागद आला, ‘विजेच्या कामात कोणताही दोष आढळला नाही.’ डॉक्टर म्हणाले, “व्यंकट, डोळा लागला तुझा. कबूल कर.” अण्णा म्हणाले, “न्हाई साहेब, लाइट गेली.” त्यावर त्यांची नोकरी गेली. मग गावात कुणी त्यांच्या हातात किल्ली देईना. झोपणारा ड्रायव्हर, एवढीच ओळख उरली.

आमच्या घरात ड्रायव्हर संघटनेची पत्रकं घडी घालता घालताच मी वाचायला शिकले. मी लगेच पत्रक लिहिलं आणि बल्बसरांना दाखवायला नेलं. त्यांनी ते शांतपणे वाचलं.

“यात डॉक्टरांना सात शिव्या आहेत,” ते म्हणाले. “वायर एकही नाही.”

“मग काय करायचं, सर?”

“खिशात ठेव. आधी बिघाड, मग पत्रक.”

ते स्वतः डॉक्टरांकडे गेले. मी बरोबर होते. सर म्हणाले, “पाय दुखतो म्हणणाऱ्याला तुम्ही चालून दाखवायला सांगता ना? मग गाडीला का नाही?”

“चालवतील ना आमचे मेकॅनिक.”

“मेकॅनिक नाही. व्यंकट.”

“त्याच्या हातात परत किल्ली देऊ?”

“त्याच्याच.” डॉक्टरांनी किल्ली काढून टेबलावर ठेवली. मग चार दिवस मिळाले.

तीन संध्याकाळी लाल गाडी लातूरहून औशाला गेली आणि परत आली. चाकावर अण्णा, शेजारी सर, आणि हेडलाइटच्या वायरीला जोडलेला बल्ब सरांच्या मांडीवर. तीनही दिवस तो न लुकलुकता जळत राहिला. तिसऱ्या दिवशी अण्णा आमच्या ओट्यावर बसले आणि खाली बघत म्हणाले, “सर, डोळाच लागला असंल माझा. आता मलाबी तसंच वाटाया लागलंय.”

मी सरांना चिडलेलं एवढंच एकदा पाहिलं. “गप! दिसला नाही म्हणजे मेला नाही तो. लपलाय.” मग एकदम थांबून त्यांनी विचारलं, “तो पुतण्या किती उंच आहे रे?”

“लई उंच. पाय मावत न्हाईत त्याचे गाडीत.”

सरांनी कपाळाला हात लावला. “मी वजन धरलं, उंची धरलीच नाही.” आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घराण्यात सगळ्यांत उंच. “पोरी, उद्या तू बसायचं.”

चौथ्या संध्याकाळी बल्ब माझ्या मांडीवर होता. माझे गुडघे समोर डॅशबोर्डच्या फळीला टेकलेले. वळण आलं, अंग डावीकडे कललं, गुडघे दाबले गेले, आणि मांडीवरचा उजेड गेला. समोरचा रस्ताही गेला. क्षणभरात दोन्ही परत आले. अण्णांनी गाडी कडेला घेतली. ते स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसून राहिले. मागून दुसऱ्याच्या मोटारसायकलवर बसून येणारे सर उतरले आणि पहिलं वाक्य म्हणाले, “एकदा झालं म्हणजे काही नाही. अजून दोनदा करा.”

दोनदा केलं. दोनदा गेला.

फळीमागची वायर त्यांनी डॉक्टरांसमोर काढली. बाहेरचं कव्हर अखंड. आतलं तांबं तुटलेलं, तुटकी टोकं एकमेकांना टेकून बसलेली. गुडघा दाबला की दूर व्हायची, सोडला की परत भेटायची. सरांनी डॉक्टरांनाच त्या सीटवर बसवलं. डॉक्टरांनी गुडघा दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग उतरून त्यांनी अण्णांचे हात धरले. कामावर परत बोलावलं, अण्णा गेले नाहीत. पण झोपणारा ड्रायव्हर हे नाव पुसलं. आता ते शाळेची व्हॅन चालवतात.

मी आनंदानं पेढे घेऊन गेले, तर सर ओट्यावर उदास बसलेले. त्या दिवशी त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते मुखेडकडे कापसाच्या एका जिनिंगमध्ये इलेक्ट्रिशियन होते. तिथल्या जीपचा ड्रायव्हर माणिक. “साहेब, दिवे मधेच जातात,” म्हणून तो तीनदा आला. यांनी जीप उभी करून पाहिली, दिवे लागले, आणि कागदावर सही केली. आठ दिवसांनी जीप उलटली, माणिक गेला. मालकानं तोच कागद पुढं केला आणि डोळा लागला म्हणून चूक माणिकची ठरली.

“त्याच्या घरी जायचं होतं,” सर म्हणाले. “पण तोंड कुठलं नेऊ? मुखेडच्या एसटीत दोनदा बसलो, दोनदा मधेच उतरलो. पोरी, तो गेल्यापासून मी सगळ्या गाड्यांत बसत आलोय. पण त्याच्या गाडीत कधी बसलोच नाही.”

गेल्या वर्षी सर गेले. काकूंनी त्यांची वही मला दिली आणि बल्ब अण्णांना. तो आता व्हॅनच्या डॅशबोर्डवर असतो. वळण आलं की अण्णांची नजर अजून त्याच्यावर जाते. व्हॅनमध्ये पोरं दंगा करत असतात आणि अण्णा त्यातल्या सगळ्यांत उंच पोराला विचारतात, “लाइट हाय ना रे?”

वहीच्या पहिल्या पानावर फक्त ‘माणिक’ लिहिलंय. आडनाव नाही, गाव नाही. सरांनी ते कधी विचारलंच नव्हतं. ते जिनिंग कधीच बंद पडलंय, म्हणून मी मुखेडच्या बाजारात दोनदा विचारून आले. माणिक नावाचे ड्रायव्हर पुष्कळ निघाले, हा नाही निघाला.

म्हणून तुम्हाला सांगते आहे. मुखेडच्या बाजूला तुमचं कुणी असेल, तर त्यांना विचारा. फार वर्षांपूर्वी जिनिंगची जीप उलटून गेलेल्या माणिकच्या घरचं कुणी सापडलं, तर हे पान त्यांना वाचून दाखवा. आणि त्यांना सांगा, त्याचा डोळा लागला नव्हता. जीप कुणी नीट तपासलीच नव्हती.